खाट सतरा, रात्रपाळी

१२ मार्च

...आणि फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस ना आत्या, की मी खाल्ल्या घरचे वासे मोजले, ते मला अजिबात मान्य नाही. भांडायचं होतं तर फोन चालू ठेवायचा. आता नंबरच ब्लॉक केलायस म्हटल्यावर काय करणार, पत्र लिहितेय. पत्र ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतं. फाडायच्या आधी वाच.

मी काय काम करते हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. बाबा अजून लोकांना सांगतात, "मुलगी हातमोजे विकते." मी विकत नाही. आमची कंपनी हॉस्पिटलांना हातमोजे पुरवते, ते बनवतात दुसरे, आणि त्या दुसऱ्यांकडे कुणाला कोंडून, दमात घेऊन, कागद काढून घेऊन राबवत नाहीत ना, हे बघायचं माझं काम. दीड वर्ष झालं. मला हे काम आवडतं. सकाळी उठून ऑफिसला पळावंसं वाटतं इतकं आवडतं, म्हणजे आवडायचं.

तुझ्या फॅक्टरीत मी आले हा निव्वळ योगायोग. यादीत नाव आलं, आम्ही गेलो, मी आणि आमचे सीनियर. (तू त्यांना पाच मिनिटांत "उंटावरचा शहाणा" नाव ठेवलंस, आता ऑफिसमध्ये मी चुकून तेच म्हणते.) मी जे बघितलं ते लिहिलं. मुलींची ओळखपत्रं वसतिगृहाच्या कपाटात, बाहेरच्या दाराला बाहेरून कुलूप, फोन रविवारी पाच मिनिटं. ह्यात खोटं काय आहे ते सांग.

त्यावर कंपनीने ऑर्डरच बंद केली. ती मी बंद केली नाही. मग फॅक्टरीने चार दिवसांत वसतिगृह रिकामं केलं, मुलींना त्या पुरवणाऱ्या मुकादमाच्या गाड्यांत घातलं आणि तुला, अकरा वर्षांच्या वॉर्डनला, "उद्यापासून नको" म्हणून सांगितलं. तेही मी केलं नाही. मला वाटलं होतं ते कुलूप काढतील. एवढंच. कुलूप काढायचं होतं गं, घर पाडायचं नव्हतं.

तू म्हणतेस मी मुलींना तोंडघशी पाडलं. आत्या, माझ्या रिपोर्टमध्ये एकाही मुलीचं नाव नव्हतं. एकाही. तुझी शपथ.

आता ज्यासाठी लिहितेय ते. रेडिओ कुठे आहे? तीच, जिची बडबड थांबत नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी तिला रेडिओ केलं होतं. बाकीच्यांच्या आधी दोन दिवस तिला एकटीला नेलं असं मला फॅक्टरीच्या फाटकावरच्या माणसाने सांगितलं. कुठे, ते त्याला माहीत नाही. वसतिगृहाची वही तुझ्याकडे असायची. गाडी आली, कोण गेलं, कुठे गेलं, सगळं तू लिहायचीस.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. फक्त ते सांग.

तुझी वकिलीण (नाव तूच ठेवलेलं)

३० मार्च

बाबा म्हणाले, तू पत्र दोनदा वाचलंस आणि घडी घालून उशीखाली ठेवलंस. म्हणजे फाडलं नाहीस. मग मी अजून एक लिहायला मोकळी.

परवापासून तो दिवस सारखा डोक्यात फिरतोय. मी फाटकातून आत आले, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात टॅब, आणि समोर तू. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, "या मॅडम. पाणी घेणार?" मॅडम! जिला तू कान धरून आंघोळीला न्यायचीस तिला मॅडम! मी पण कमी नाही, म्हणाले, "नको, वॉर्डनबाई." उंटावरचा शहाणा शेजारी उभा आणि आपण दोघी ओठ चावत. मला तेव्हा किती मजा वाटली. आता वाटतं तिथेच थांबून सांगायला हवं होतं, सर, ही माझी आत्या. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. मी ही तपासणी करू शकत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. नियमच आहे तो. मी ट्रेनिंगमध्ये त्यावर प्रेझेंटेशन दिलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या.

आणि ते योगायोगाचं पण खरं नाही. यादीत तुझ्या फॅक्टरीचं नाव दिसल्यावर मी स्वतः मागून घेतलं ते काम. मला वाटलं, माझ्या आत्याचं वसतिगृह, पैकीच्या पैकी मिळणार, आणि ते मार्क मी देणार. लहानपणी तू माझ्या शेजारी बसून माझ्यासोबत स्पेलिंग पाठ करायचीस, मी तुझी परीक्षा घ्यायचे आणि दहापैकी दहा देऊन खाली स्टार काढायचे, तसं काहीतरी.

आधी त्यांनी आम्हाला कारखाना दाखवला. तू रोज बघायचीस, पण मी पहिल्यांदाच बघत होते. साखळीवर उलटे टांगलेले चिनीमातीचे पांढरे हात, हजारो, रबराच्या हौदात बुडून वर येतात, भट्टीतून जातात, आणि पुढे ओळीने उभ्या बायका त्या हातांवरून हातमोजे सोलून काढतात. साखळी थांबत नाही. नाक पुसायला पण थांबत नाही. एकीची बोटं बघितली मी. टोकांना कातडंच नव्हतं, गुलाबी चकचकीत.

मग वसतिगृह. रेडिओ मला मागच्या अंगणात भेटली, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. तूच म्हणालीस ना, "हिला विचारा मॅडम, ही न विचारताच सांगेल."

ती म्हणाली, "लवकर विचार बाई, माझी झोपायची पाळी आहे. मी उठले की तिकडून दिवसपाळीवाली येऊन पडते. आमची खाट कधी गार होत नाही."

मी टॅबवरचा प्रश्न वाचला, "तुम्हाला बाहेर जाता येतं का?"

"येतं की. कारखान्यात."

आणि स्वतःच हसली. मी पण हसले. मग विचारलं, ओळखपत्र कुठे आहे.

"मोठ्या बाईंच्या कपाटात. सुखरूप आहे. माझ्यापेक्षा सुखरूप."

"मागितलं नाही?"

"दोनदा. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, हरवशील. दुसऱ्यांदा मुकादम म्हणाला, दोन वर्षं पुरी कर आणि ने. दोन वर्षं पुरी होऊन दहा महिने झाले. तो आता म्हणतो, बदली बाई मिळाली की बघू."

तिची मुलगी बहिणीकडे आहे. सोडून आली तेव्हा दीड वर्षाची, आता चार उलटून गेली. बहिणीला आई म्हणते. हिला म्हणते फोनवाली आई. "मागच्या रविवारी तर म्हणाली, फोनवाली आई, तुला पाय आहेत का?" हे सांगताना पण ती हसत होती गं. मी टॅबवर काहीतरी टाइप करत राहिले, मान वर करवेना.

त्यानंतर मी तुझ्या खोलीत आले, दार लोटलं.

"आत्या, त्या मागतात तर देत का नाहीस?"

"वकिलीणबाई, हे घरी बोलू."

"आता बोल."

"दिले आणि उद्या एखादी निघून गेली की मुकादम मला विचारतो. आणि जाणार कुठे? बाहेर लांडगे बसलेत. इथे दार बंद असतं म्हणून निजतात तरी पोरी. एकीला ताप आला तर उशाशी मी बसते, तुमची कंपनी नाही बसत."

"कुलूप बाहेरून आहे आत्या."

तू किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोचलास आणि म्हणालीस, "चला मॅडम, तुमचे साहेब वाट बघतायत."

मला माहितीय तू उशाशी बसायचीस. माझ्या पण बसलीस. म्हणून तर मला कळेना काय लिहू. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, आणि आमच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.

सांग ना, रेडिओ कुठे आहे?

१९ एप्रिल

पाकीट मिळालं. आत एक ओळ पण नाही, "चिरंजीव" पण नाही, नुसतं वहीचं फाडलेलं पान. तुझं अक्षर. गाडीची वेळ, ड्रायव्हरचं नाव, आणि पुढे, "एक बाई. पॅकिंग शेड, जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे." खाली तू पेन दाबून एक रेघ मारलीयस. कागद फाटलाय तिथे. बाबा म्हणाले, पान काढताना तू रडलीस. हे मला सांगू नकोस असं तू त्यांना बजावलंयस म्हणे. तेव्हा त्यांनी सांगितल्याचं तुला कळलंय हे त्यांना दाखवू नकोस.

मी मंगळवारी गेले. सुट्टी टाकून, एकटी, पण गळ्यात कार्ड घालून. पत्र्याची शेड, बाहेर कुत्रा, आत पंखे आहेत पण हातमोजे उडतात म्हणून बंद. लांब टेबलं, टेबलांवर हातमोज्यांचे ढीग, आणि बायका ते खोक्यात भरतायत. आत्या, खोक्यांवर आमचं नाव होतं. आमच्या कंपनीचं, निळ्या अक्षरात, तो दोन हातांचा लोगो. मी आधी वाचलं आणि वाटलं, जुना माल असेल. तारीख बघितली. गेल्या आठवड्याची.

झालं असं. तुझी फॅक्टरी सोडून आम्ही नवा पुरवठादार घेतला. उंटावरच्या शहाण्याने स्वतः जाऊन तो कारखाना तपासला, सगळं चकाचक, पूर्ण मार्क दिले. पण त्या कारखान्यात पॅकिंगच होत नाही. ते बाहेर दिलेलं आहे ह्या शेडला, आणि शेडला बायका पुरवतो तोच मुकादम. आम्ही त्याला पुढच्या दाराने हाकलला आणि तो मागच्या दाराने आत आला, त्याच बायका घेऊन. ऑफिसमध्ये मात्र आमचं कौतुक झालं. किती पटकन ॲक्शन घेतली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण.

शेडवरच्या माणसाला मी म्हणाले, क्वालिटी चेक. कार्ड बघून त्याने खुर्ची दिली. रेडिओ तिसऱ्या टेबलावर होती. तिने मला बघितलं आणि खाली बघून खोकं भरायला लागली. तोंडातून शब्द नाही. शेजारची कुणी नवीच होती, म्हणाली, "ही नाही बोलत कुणाशी. मुकी आहे का काय, कळत नाही."

मुकी! मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. त्या माणसाला मी तीन खोकी फोडून मोजायला लावली आणि तो बसल्यावर नळाकडे गेले. ती मागून आली.

"माझं ओळखपत्र आणलंस?" पहिला प्रश्न हा.

"नाही."

"मग कशाला आलीस?"

"तुला बघायला. तुला इथून काढायला..."

"काढलंस की एकदा." तिने हात धुतले, ओढणीला पुसले. "तिकडे खाट तरी होती. मोठ्या बाई होत्या. इथे पुठ्ठ्यावर झोपतो आम्ही. फोन रविवारचा पण नाही. पोरीला वाटत असेल, फोनवाली आई संपली."

मी म्हणाले, मी परत रिपोर्ट लिहीन, ह्या वेळी शेडचा, पक्का, फोटोंसकट.

तिने माझा दंड धरला. जोरात. अजून निळं आहे. "काही लिहू नकोस. तू लिहिलंस की आम्हाला गाडीत घालतात."

त्याआधी ती अजून एक वाक्य बोलली. ते मला आज लिहवत नाही.

तुझी

६ मे

लिहिते.

नळापाशी तिने मला विचारलं होतं, "माझं काय लिहिलं होतंस?" मी म्हणाले, नाव नव्हतं लिहिलं. ती म्हणाली, "मुकादमाने मला कागद वाचून दाखवला. खाट सतरा, रात्रपाळी."

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, माहिती कुठे मिळाली. तिथे नुसतं "वसतिगृह" लिहिलं असतं तरी चाललं असतं. कोरा ठेवला असता तरी चाललं असतं. पण मला शाळेपासून सवय, एकही जागा रिकामी सोडायची नाही, पेपर पूर्ण भरायचा. मी नाव गाळलं आणि खाट लिहिली. पाळीसकट. एका खाटेवर दोघी झोपतात, पाळी लिहिल्यावर उरते एक. आणि हा रिपोर्ट सुधारणा करा म्हणून जसाच्या तसा फॅक्टरीला जातो, हे मला माहीत होतं. मुकादमाला शोधावं पण लागलं नाही. मीच बोट दाखवलं.

तुझी शपथ खाल्ली होती ना मी पहिल्या पत्रात, एकाही मुलीचं नाव नव्हतं म्हणून. शपथ खरी आहे. त्यामुळे जास्त लाज वाटते.

पण ह्याच्यापेक्षा वाईट पुढे आहे. त्याच पानावर अजून एक रकाना होता, कागदपत्रं कुणाच्या ताब्यात. तिथे मी आधी लिहिलं होतं, वॉर्डन. मग खोडलं. "वसतिगृह व्यवस्थापन" केलं. मग वाटलं, व्यवस्थापन म्हटलं तरी तुझ्याकडेच बोट जातं, म्हणून ते पण बदलून "परिसरात" केलं. ओळखपत्रं परिसरात ठेवलेली आढळली. जशी काय वाऱ्याने उडून तिथे पडली होती! तुझा मागमूस पुसायला मी अर्धा तास घालवला, आत्या. एकेक शब्द तपासला. तिच्या खाटेवर अर्धा मिनिट पण नाही. मी निष्काळजी नव्हते, तेच तर वाईट आहे. काळजी मी भरपूर घेतली, फक्त आपल्या माणसाची.

हे सगळं मी सोमवारी आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगितलं. तू माझी कोण, मी काय लपवलं, खाट, शेड, खोक्यांवरचं नाव. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "शेडचं काम आजच बंद करू."

मी म्हणाले, "नको! बंद केलं की त्या तिसरीकडे जातील. आपण सुटू, त्या नाही सुटणार. आपण ऑर्डर चालू ठेवू आणि म्हणू, आधी सगळ्यांची ओळखपत्रं हातात द्या, आमच्यासमोर. ज्यांना घरी जायचंय त्यांना घरी पोचवा. मग पुढचा माल. आपण गिऱ्हाईक आहोत म्हणून तर ते ऐकतील. गिऱ्हाईकच राहिलो नाही तर कोण ऐकणार?"

"तू अजून इथे काम करतेस असं धरून बोलतेयस," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. मला तपासणीवरून काढलंय, चौकशी होईपर्यंत. पण बाकीचं त्यांनी मान्य केलं. पुरवठादाराला तीन आठवडे दिलेत. आमची वकील, खरी वकील, माझ्यासारखी नाही, कामगार कार्यालयात तक्रार घालणार आहे.

ह्या वकिलीणबाईंनी मला एक अट घातली. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांना आधी विचारून ये. एवढी साधी गोष्ट. मी कुणालाच विचारलं नव्हतं. आम्ही दोघी गेलो. वकिलीणबाईंनी त्या माणसाला पंख्यांवरून, दाराच्या कडीवरून प्रश्न विचारत गुंतवून ठेवलं आणि मी नळापाशी रेडिओला सगळं सांगितलं, माझ्या खाटेच्या गाढवपणासकट. ती ऐकत होती. म्हणाली, "तू शिकलेली आहेस ना गं?" मी म्हणाले, हो. "वाटत नाही." मग म्हणाली, "माझं नाव घाल. पूर्ण घाल, बापाचं पण घाल. खाट नको. खाटेवर काय, कुणीही झोपतं." अजून सहाजणींनी नावं दिली. चौघी नाही म्हणाल्या, त्यांच्याबद्दल काहीही लिहिलेलं नाही. ह्या वेळी मी रकाने कोरे ठेवले.

आता अडलंय ते तुझ्यापाशी. मुकादम म्हणतो, माझा काय संबंध, कागद बायकांनीच खुशीने वॉर्डनकडे दिले होते. तू त्याच्यासाठी ते ठेवायचीस, त्याच्या सांगण्यावरून, आणि शेवटच्या दिवशी गठ्ठा त्याच्या हातात दिलास. हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. आणि हे सांगितलं की त्या व्यक्तीचं नाव त्याच्याआधी येतं, कारण किल्ली तिच्या कमरेला होती. मी वकिलीणबाईंना विचारलं, आत्याला काय होईल? त्या म्हणाल्या, "खोटं नाही सांगणार. स्वतःहून आल्या तर फरक पडतो. पण काहीच होणार नाही असं मी म्हणू शकत नाही." तू नाही आलीस तर मुकादम सुटेल, कदाचित. आणि ओळखपत्रं त्याच्याकडेच राहतील. त्यातलं एक रेडिओचं, तीन वर्षांपूर्वी काढलेलं, त्यातल्या फोटोत तिचे केस लांब आहेत म्हणे.

आपलेच दात, आपलेच ओठ. तू मला वाढवलंस आणि मी तुला हे विचारतेय. तू नोकरीवरून आलीस की पाय चोळून द्यायचे मी तुझे. तेव्हा कधी विचारलं नाही की आत्या, आज काय काय केलंस?

तक्रारीचा फॉर्म माझ्यासमोर आहे. "माहिती देणाऱ्या स्त्रीची ओळख कुणामुळे उघड झाली" इथे मी माझं नाव लिहिलंय, पूर्ण, बाबांच्या नावासकट. खालची ओळ, कागदपत्रं कुणाच्या ताब्यात होती, ती रिकामी आहे. शुक्रवारी द्यायचाय. ह्या वेळी मी "परिसरात" लिहिणार नाही, हे तुला आधीच सांगते. पण तुला न विचारता तुझं नाव लिहिलं तर मी रेडिओशी वागले तशीच तुझ्याशी वागेन.

म्हणून विचारते. त्या ओळीवर तुझं नाव मी लिहू, की तू येऊन तुझ्या हाताने लिहिशील? आत्या, तुला काय बरोबर वाटतं?